मलवाहिनीची गळती आणि दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळती म्हणजे मैलापाणी बाहेर जाणे, की बाहेरचे पाणी आत येणे?

दोन्ही. पाइप भूजलाच्या पातळीखाली असेल तर तड्यांतून आणि सांध्यांतून पाणी आत शिरते, पातळीच्या वर असेल तर मैलापाणी मातीत मुरते. भूजल वरखाली होते तशी एकच वाहिनी वर्षातले काही महिने पाणी ओढते आणि उरलेले महिने सोडते. दोष तोच, फक्त प्रवाहाची दिशा बदलते.

आत येणाऱ्या पाण्याचेही दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले नाहीत तर पुढचा सगळा खर्च चुकीच्या जागी जातो. एक म्हणजे जमिनीतून झिरपणारा पाझर. पाऊस थांबल्यावरही तो दिवसेंदिवस चालू राहतो. दुसरे म्हणजे पावसाबरोबर थेट घुसणारे पाणी. छपराचे पन्हाळ, अंगणातल्या जाळ्या, तळघराचे पंप आणि खोलगट जागी बसलेली मॅनहोलची झाकणे हे त्याचे मार्ग. सर सुरू झाली की तासाभरात वाहिनीतला प्रवाह उसळतो आणि पाऊस थांबला की तितक्याच झपाट्याने ओसरतो. या दुसऱ्या प्रकारावर पाइपला आतून कितीही चांगले अस्तर लावले तरी काही उपयोग नाही.

एवढ्याशा धारेने काय फरक पडतो?

सांध्यातून पडणाऱ्या धारेखाली एक लिटरचे भांडे धरा. ते दहा सेकंदांत भरले, तर त्या एका सांध्यातून दिवसाला ८,६४० लिटर पाणी येते. ते पंपाने उपसावे लागते आणि शुद्धीकरण केंद्रात त्यावर प्रक्रियाही करावी लागते.

पाण्यापेक्षा त्याच्याबरोबर येणारी माती जास्त घातक. बारीक वाळू आणि गाळ सांध्यातून आत वाहून आला की पाइपभोवती पोकळी तयार होते. पाइपचा आधार गेला की तो खचतो, सांधा आणखी उघडतो आणि माती अधिक वेगाने येऊ लागते. रस्ता एके दिवशी अचानक खचला असे वाटते खरे, पण पोकळी बरेच दिवस आधीपासून वाढत असते. म्हणून मॅनहोलच्या तळाशी स्वच्छ, बारीक वाळू साचलेली दिसली तर जेटिंग, म्हणजे जोरदार पाण्याच्या झोताने सफाई, करून विषय संपवू नका. ती वाळू कुठून आली ते शोधा.

न खोदता गळतीची जागा कशी शोधायची?

आधी भाग निवडायचा, मग जागा. रात्री २ ते ४ या वेळेत घराघरांतला वापर जवळजवळ थांबलेला असतो. त्या वेळी एकेक मॅनहोल उघडून प्रवाह मोजत वर जा. ज्या दोन मॅनहोलांच्या मध्ये प्रवाह एकदम वाढतो आणि पाणी स्वच्छ दिसते, तो टप्पा संशयित. रात्रपाळीचे कारखाने किंवा रुग्णालये त्या टप्प्यावर असतील तर त्यांचा हिशेब वेगळा धरा.

त्यानंतर कॅमेरा. पाझर पाहायचा असेल तर भूजल वर असतानाच कॅमेरा घाला. कोरड्या दिवसांत तोच सांधा निर्दोष दिसतो. तरी खुणा राहतात, जसे सांध्याभोवती पांढरट क्षारांची पुटे, गंजाचे ओघळ किंवा मुळांचे बारीक केस. कॅमेरा मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने पळवू नये आणि प्रत्येक सांध्याशी, प्रत्येक घरजोडणीशी थांबून मान फिरवून बघावे. नोंदीत अंतराबरोबर घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागाही लिहितात. १२ वाजता म्हणजे पाइपचा माथा, ६ वाजता म्हणजे तळ. ही नोंद नसेल तर महिन्याभराने दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघावा लागतो.

पावसाचे पाणी कुठून घुसते ते धूर सांगतो. मॅनहोलवर पंखा ठेवून बिनविषारी धूर वाहिनीत ढकलतात आणि तो कुठून बाहेर पडतो ते टिपतात. छपरावरच्या वायुनलिकेतून धूर येणे योग्यच आहे. पन्हाळातून, अंगणाच्या जाळीतून किंवा जमिनीच्या भेगेतून आला तर ती जोडणी चुकीची किंवा फुटकी आहे. चाचणी कोरड्या हवेत घ्यावी, कारण ओल्या, पाण्याने भरलेल्या मातीतून धूर वर येत नाही. रहिवाशांना आणि अग्निशमन दलाला आधी कळवा. न वापरलेल्या न्हाणीघरांच्या जाळीत पाणी ओतून ठेवायला सांगा, नाहीतर जाळीखालचा पाण्याचा सापळा कोरडा असल्याने घरात धूर भरतो आणि मग चाचणी बाजूलाच राहते. शंका उरलीच तर त्या पन्हाळात रंगीत पाणी ओता आणि खालच्या मॅनहोलात रंग दिसतो का ते पाहा.

दुरुस्तीची पद्धत कशी ठरवायची?

एक प्रश्न आधी विचारा: पाइप वरचा भार पेलतो आहे का? आकार शाबूत आहे आणि फक्त सांधे गळतात, तर ग्राउटिंग, म्हणजे सांध्यातून द्रावण सोडून गळती बुजवणे, पुरते. लांबीच्या दिशेने तडे आहेत पण पाइप अजून गोल आहे, तर आतून अस्तर, म्हणजे लाइनर. पाइप चपटा झाला आहे, तुकडे आत पडले आहेत किंवा सांधे इतके सरकले आहेत की कॅमेराच पुढे जात नाही, तर खोदाई किंवा जुना पाइप फोडून नवा ओढणे.

ढाळ बिघडून पाइप मध्येच खाली बसला असेल आणि कॅमेरा पाण्याखाली जात असेल, तर लाइनर त्याच खोलगट भागाचा आकार घेतो. पाणी आधी साचत होते तसेच साचत राहते. तिथे खोदण्याला पर्याय नाही. हे आधी न सांगता लाइनर टाकून दिल्याची उदाहरणे दुर्दैवाने पुष्कळ असतात.

काम सुरू करण्यापूर्वी काय तयारी लागते?

सफाई आणि प्रवाह दुसरीकडे वळवणे. जेटिंगने गाळ, चरबी, मुळे आणि क्षार पूर्ण निघाले पाहिजेत. सांध्याशी चिकटलेला बोटभर क्षारही लाइनरमध्ये कायमचा उंचवटा करतो. फुटक्या पाइपमध्ये मात्र पूर्ण दाबाने जेटिंग करू नका. सैल तुकडे निखळतात आणि मागची माती आत येते.

वरच्या मॅनहोलात पाइपच्या तोंडात हवेने फुगवायचा फुगा बसवून प्रवाह अडवायचा आणि पंपाने खालच्या मॅनहोलात टाकायचा. पंपाची क्षमता सरासरीवर काढू नका. सकाळच्या सर्वाधिक प्रवाहाला पुरेल असा पंप हवा आणि तेवढाच दुसरा पंप जोडून तयार हवा.

फुग्याला कमी लेखू नका. ६०० मिलिमीटर पाइपमधल्या फुग्यामागे ३ मीटर पाणी चढले, तर त्यावर सुमारे ८०० किलो वजनाएवढा रेटा येतो. फुगा बाहेरून आडव्या आधाराने अडवायचा आणि त्याच्या समोर कोणीही थांबायचे नाही.

एकाच ठिकाणी पाइप फुटला आहे. खोदून बदलताना काय चुकते?

बहुतेक वेळा पाइप बरोबर बसतो, त्याच्या खालची आणि बाजूची माती चुकते.

फुटलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना सरळ, शाबूत पाइप लागेपर्यंत खोदा. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल असेल तर फळ्या आणि आडव्या टेकूंशिवाय आत उतरू नका. काढलेली माती काठापासून किमान ६० सेंटीमीटर लांब टाका. जुना पाइप चौकोनी, स्वच्छ कापा. हातोड्याने तोडला तर तडा शाबूत भागात पुढे धावतो. नवा तुकडा मोकळ्या जागेपेक्षा साधारण १० मिलिमीटर आखूड ठेवा. रबरी कपलिंगे, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या बाह्या, आधीच दोन्ही टोकांवर सरकवून घ्या, तुकडा बसवा, मग कपलिंगे सांध्यावर मध्यभागी आणून पट्टे आलटूनपालटून आवळा. ओले साबणपाणी चालते, तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगते.

कपलिंगभोवती स्टेनलेस स्टीलचा रुंद पट्टा असलेलेच घ्या. नुसते रबर असेल तर मातीच्या भाराने दोन टोके वरखाली सरकतात आणि आत पायरी तयार होते. त्या पायरीवर कागद, कपडा अडकून वाहिनी पुन्हा तुंबते. नवा आणि जुना पाइप वेगळ्या बाहेरील व्यासाचे असतील तर त्या मापांसाठीचे कपलिंग मागवा. लहान पाइपवर रबराची पट्टी गुंडाळून भागवू नका.

पाइपखाली १० ते १५ सेंटीमीटर बारीक खडी किंवा वाळूची गादी द्या आणि कपलिंग जिथे येते तिथे गादीत खळगा करा, म्हणजे पाइप पूर्ण लांबीवर टेकतो. ढाळ तपासूनच पुढे जा. पाइपच्या कुशीत, म्हणजे खालच्या दोन्ही बाजूंना, खडी हाताने ठासा. तिथे दुरमूस पोहोचत नाही आणि नेमका तिथलाच पोकळपणा पुढे पाइप बसवतो. वरचा भराव १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत दाबत या.

सांध्याभोवती काँक्रीट ओतायची सवय अनेकांना आहे. ती सोडलेली बरी. तेवढा भाग ताठ होतो, बाजूची माती थोडी हलली की काँक्रीटच्या कडेला पाइप मोडतो.

खोदायचे नसेल आणि दोष एकाच जागी असेल तर?

छोटा तुकडा-लाइनर बसवता येतो. काचतंतूंचे कापड रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवून पॅकरवर, म्हणजे फुगवता येणाऱ्या रबरी नळकांड्यावर, गुंडाळतात, कॅमेऱ्याच्या साहाय्याने दोषावर नेतात, पॅकर फुगवून रेझिन घट्ट होईपर्यंत दाबून धरतात. कापड दोषाच्या दोन्ही बाजूंना शाबूत पाइपवर चढले पाहिजे. रेझिन कालवल्यावर हाताशी मोजका वेळ असतो, आणि उष्ण हवेत तो आणखी कमी होतो. म्हणून आधी कोरडा पॅकर नेऊन अंतर पक्के करा, मग रेझिन कालवा. दुसरा पर्याय रबरी अस्तराच्या स्टेनलेस स्टील बाहीचा. ती आत नेऊन रुंदावतात आणि ती खटक्यावर अडकते. त्यात रेझिन नसल्याने थंडीचा किंवा ओलीचा त्रास नाही. एका टप्प्यात असे चार-पाच तुकडे लागत असतील तर पूर्ण लांबीच्या लाइनरचा हिशेब करून पाहा.

रासायनिक ग्राउटिंग म्हणजे सांध्यात सिमेंट भरणे का?

नाही. सिमेंटचे कण बारीक फटीत शिरत नाहीत. इथे ॲक्रिलामाइड किंवा ॲक्रिलेटचे पाण्याइतके पातळ द्रावण वापरतात. ते फटीतून बाहेर जाऊन मातीत शिरते आणि तिथे जेली होते. गळती थांबवते ते सांध्याबाहेरचे माती आणि जेलीचे कडे.

पॅकरची दोन टोके सांध्याच्या दोन बाजूंना फुगवली की मध्ये बंद कप्पा तयार होतो. आधी त्यात हवा भरून दाब टिकतो का ते बघायचे. टिकला तर सांधा चांगला आहे, पुढे चला. नाही टिकला तर दोन नळ्यांतून रसायने सोडायची. ती कप्प्यात एकत्र येतात आणि बहुधा अर्ध्या ते एका मिनिटात घट्ट होतात. मग त्याच सांध्याची हवेने पुन्हा चाचणी. चाचणीचा दाब तिथल्या भूजलाच्या दाबापेक्षा थोडा जास्त हवा. पाइपवर ३ मीटर भूजल असेल तर तो दाब सुमारे ३० किलोपास्कल होतो.

ग्राउटमुळे पाइपला ताकद येत नाही, तुटलेला पाइप तुटलेलाच राहतो. जेलीत मुख्यतः पाणी असते. माती वर्षातला मोठा काळ कोरडी राहत असेल तर जेली आकसते. न जमलेले ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी आहे, त्यामुळे मिश्रण करणाऱ्याने हातमोजे, चष्मा आणि मास्क घातल्याशिवाय पिशवी उघडू नये.

लाइनर आत कसा बसतो?

ही पद्धत एरिक वूड यांनी १९७१ मध्ये लंडनच्या एका जुन्या वाहिनीत प्रथम वापरली. नमद्यासारख्या कापडाची किंवा काचतंतूंची नळी रेझिनने भिजवतात, पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने मोज्यासारखी उलटी करत आत ढकलतात किंवा दोराने ओढून मग फुगवतात. ती जुन्या पाइपला चिकटल्यावर गरम पाणी, वाफ किंवा अतिनील दिव्यांनी पक्की करतात. जुन्या पाइपमध्ये विनासांध्याचा नवा पाइप तयार होतो.

बिघाड बहुधा चार ठिकाणी होतो. कापडात रेझिन कमी भिजले तर कोरडे ठिपके राहतात आणि तिथून पाणी झरते. गणितापेक्षा ५ ते १० टक्के रेझिन जास्त घेतात ते याचसाठी, कारण रेझिन आकसते आणि काही तड्यांतही जाते. दुसरे, नळीचा व्यास पाइपपेक्षा मोठा निघाला किंवा वळण आले की सुरकुत्या पडतात. तळाची सुरकुती सर्वांत वाईट, ती प्रवाह अडवते. तिसरे, भूजल जोरात येत असेल तर ते त्या जागी रेझिन धुऊन नेते आणि थंडही करते, म्हणून मोठ्या धारा आधी ग्राउटने बंद कराव्यात. चौथी घाईची चूक. गरम पाणी साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या खाली हळूहळू उतरवायच्या आधीच दाब सोडला तर लाइनर आकसतो, कधी आत दबतो. तापमान फक्त बॉयलरपाशी न बघता दोन्ही टोकांना, लाइनर आणि जुना पाइप यांच्यामध्ये ठेवलेल्या तापमान मोजणाऱ्या तारांवर बघायचे.

लाइनरमुळे पाइप अरुंद होऊन वाहिनी तुंबणार नाही का?

३०० मिलिमीटर काँक्रीट पाइपमध्ये ६ मिलिमीटर जाडीचा लाइनर टाकला की आतला व्यास २८८ राहतो. नुसत्या व्यासामुळे क्षमता सुमारे १० टक्के घटते. पण खडबडीतपणाचा गुणांक ०.०१३ वरून ०.०११ झाला तर ती घट भरून निघते आणि क्षमता आधीपेक्षा सुमारे ६ टक्के जास्त होते.

जुन्या पाइपमध्ये नवा पॉलिथिलीन पाइप सरकवण्याच्या पद्धतीत मात्र हे जमत नाही. त्याच ३०० च्या वाहिनीत २५० बाहेरील व्यासाचा जाड पाइप सरकवला, तर आत जेमतेम २२० मिलिमीटर उरतात आणि गुळगुळीतपणा धरूनही क्षमता जवळपास निम्मी होते. दोन्ही पाइपांमधली जागा ग्राउटने भरताना ती टप्प्याटप्प्याने भरावी, एकदम भरली तर आतला पाइप तरंगून वर उचलला जातो आणि ढाळ जातो.

जुना पाइप फोडून नवा ओढणे कधी सोयीचे?

पाइप खराब झाला आहे आणि मोठाही हवा आहे तेव्हा. टोकदार डोके जुना पाइप फोडून तुकडे मातीत दाबते आणि मागून पॉलिथिलीनचा पाइप ओढते. भाजलेल्या मातीचे, साध्या काँक्रीटचे, बिडाचे पाइप फुटतात. सळईचे काँक्रीट या पद्धतीला दाद देत नाही. वाहिनी उथळ असेल तर रस्ता वर फुगतो, शेजारून पाण्याची किंवा गॅसची लाइन जात असेल तर तीही ढकलली जाते. तिथे मध्ये खड्डा घेऊन ती उघडी करावी. ओढलेला पाइप ताणलेला असतो. रात्रभर सोडून, आकसू देऊन मगच मॅनहोलशी आणि घरजोडण्यांशी पक्का करा.

मुळे कापली की पुरे का?

काही महिने. मूळ छाटले की त्याला आणखी फांद्या फुटतात. वाहिनीत ती येतात ती ओलाव्यामागे, गळक्या सांध्यातून. कापल्यानंतर लाइनर किंवा ग्राउट लगेच झाले तरच त्या कापणीचा उपयोग.

मॅनहोल कुठून गळतो?

झाकणापासून तळापर्यंत कुठूनही, पण आधी चौकट आणि तिच्याखालची विटांची गळपट्टी बघा. वाहनांच्या धक्क्यांनी तिथला चुना-सिमेंट सुटलेला असतो. झाकणाच्या एका २५ मिलिमीटर भोकावर बोटभर, म्हणजे तेवढेच २५ मिलिमीटर पाणी साचले तर त्यातून मिनिटाला सुमारे १२ लिटर आत जाते. अशा जागी झाकणाखाली प्लास्टिकचे ताट बसवणे हा सर्वांत स्वस्त इलाज. चौकटीसाठी लवचीक रबरी पट्टा वापरा, सिमेंटचा लेप पहिल्याच मोसमात तडकतो.

भिंतीतल्या वाहत्या धारेवर दोन-तीन मिनिटांत घट्ट होणारे सिमेंट दाबून धरता येते. ते तात्पुरते. कायमच्या कामासाठी भिंतीत तिरपी भोके पाडून पॉलियुरेथेन भिंतीमागे सोडतात, खालच्या रांगेपासून सुरुवात करून वर. त्यानंतरच अस्तर. ओल्या भिंतीवर इपॉक्सी मारले तर मागच्या पाण्याच्या दाबाने फोड येतात.

काँक्रीट हाताने खरवडून निघत असेल तर कारण पाझर नसून हायड्रोजन सल्फाइड आहे. ओल्या माथ्यावरचे जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. तिथे मऊ थर पूर्ण काढून कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंट किंवा इपॉक्सी लावतात, साधे सिमेंट पुन्हा खाल्ले जाते.

मुख्य वाहिनीला लाइनर टाकला, तरी पाणी कमी का झाले नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. बुजवलेल्या सांध्यांतून येणारे भूजल नाहीसे होत नाही. त्याची पातळी वर चढते आणि पुढची उघडी जागा शोधते. ती जागा बहुधा घरजोडणी किंवा मॅनहोल असते. शिवाय लाइनर आणि जुना पाइप यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते, पाणी तिच्यातून चालत मॅनहोलपाशी किंवा घरजोडणीसाठी कापलेल्या भोकापाशी बाहेर पडते. टोकांना पाण्याने फुगणारी रबरी कडी आणि घरजोडणीच्या तोंडाशी टोपीच्या आकाराचा लाइनर बसवला तर ही वाट बंद होते. म्हणून टप्पा निवडला की त्यातली वाहिनी, दोन्ही मॅनहोल आणि घरजोडण्या एकाच कामात घ्या. शहरभर विखुरलेले पन्नास वाईट सांधे दुरुस्त करण्यापेक्षा एकाच जागी मिळणाऱ्या वाहिन्यांचा एक भाग पूर्ण बंद केल्यास मोजमापात फरक दिसतो.

काम झाल्यावर काय तपासायचे?

कॅमेऱ्याने घरजोडण्यांची भोके मोजून घ्या. एक जरी कापायची राहिली तर त्या घरात मैलापाणी उलटते. नव्या पाइपसाठी कमी दाबाच्या हवेची चाचणी करतात. सुमारे २८ किलोपास्कलपर्यंत दाब चढवतात, तापमान स्थिरावू देतात आणि ठरलेल्या वेळेत तो किती उतरतो ते पाहतात. दाब किरकोळ वाटतो, पण ३०० मिलिमीटरच्या फुग्यावर त्याचा रेटा २०० किलो वजनाएवढा असतो. त्यामुळे दाब असताना मॅनहोलात कोणी नको. त्यानंतर भूजल पुन्हा तेवढेच वर आल्यावर रात्रीचा प्रवाह मोजा. कोरड्या दिवसांतले आकडे कोणत्याही कामाला यशस्वी ठरवतात.

मॅनहोलात माणूस उतरवावा का?

यंत्राने होत असेल तर नाही. उतरावेच लागले तर वायुमापक आधी दोरीने खाली सोडा आणि वर, मध्ये, तळाशी वाचन घ्या. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांत हवा, ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान पातळीच्या १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात १० भागांखाली. पंख्याने हवा चालू ठेवा, माणसाला पट्टा आणि तिपाईवरची दोरी लावा, वर एक जण फक्त त्याच्यावर लक्ष ठेवणारा असू द्या.

वासावर भरवसा नको. हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात १०० भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होते आणि वास गेला असे वाटते. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे कोणी तसेच उतरायचे नाही. दोरीने वर ओढा. ते जमले नाही तर स्वतंत्र श्वसनयंत्र लावलेल्या बचाव पथकालाच आत जाऊ द्या.